आकडा उतरतो तेव्हा

डीएमएलटीच्या प्रशिक्षणासाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले, तेव्हा साखरेची तपासणी चटकन अंगवळणी पडली. रिएजंटमध्ये नमुना घातला की गुलाबी रंग चढतो. साखर जितकी जास्त, तितका रंग गडद. डोळ्यांना पटणारा हिशेब. मग आला ब्लड युरिया. ट्यूबमध्ये रंगाचा पत्ता नाही आणि मशीनवरचा आकडा चक्क उतरतोय!

किटवर छापलं होतं, 'युरिएज-जीएलडीएच'. जीएलडीएच म्हणजे ग्लुटामेट डिहायड्रोजनेज, एवढं पाठ होतं. पुस्तकातल्या यकृतात हे एन्झाइम ग्लुटामेट या अमिनो आम्लातून अमोनिया मोकळा करतं आणि एनएडीचा एनएडीएच होतो. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतो. म्हणजे रीडिंग चढायला हवं ना?

"बाटलीत काय काय आहे ते वाच आधी," लॅबमधल्या ताई म्हणाल्या. वाचलं. युरिएज, जीएलडीएच, अल्फा-कीटोग्लुटारेट आणि तयार एनएडीएच. ग्लुटामेट कुठेच नाही! युरिएज युरिया फोडून अमोनिया देतं. जीएलडीएच तो अमोनिया कीटोग्लुटारेटला जोडून ग्लुटामेट बनवतं आणि त्यात एनएडीएच खर्ची पडतो. एका युरियामागे दोन अमोनिया, म्हणून दोन एनएडीएच. डब्यातले तांदूळ किती झपाट्याने उतरतात त्यावरून घरात खाणारी तोंडं किती ते कळावं, तसा हा युरियाचा हिशेब.

पण मग एकच एन्झाइम दोन्हीकडे कसं चालतं? ताईंचं उत्तर सरळ होतं : एन्झाइम फक्त वेग वाढवतं, दिशा ठरते आजूबाजूला काय साठलंय त्यावर. यकृतात सुटलेला अमोनिया युरिया चक्रात ओढला जातो, त्यामुळे ग्लुटामेट फुटत राहतं. आमच्या ट्यूबमध्ये अमोनियाचा पुरवठा चालू, म्हणून गाडी उलटी. शरीरात युरिया बनायला हातभार लावणारंच इथे युरिया मोजायला बसलंय!

घोकलेले नियमही मग उलगडले. साखरेची फ्लोराइडची ट्यूब युरियाला चालत नाही, कारण फ्लोराइड युरिएजला अडवतं. अमोनियम हेपॅरिनची ट्यूब तर नकोच. तिच्यातला अमोनिया युरिया म्हणून मोजला जाईल.

एवढं डोक्यात बसतंय तोवर पुढ्यात क्रिएटिनिन आलं, जाफे पद्धतीचं. नारिंगी रंग पाहून हायसं वाटलं. किट उलटसुलट करून एन्झाइमचं नाव शोधू लागले, तर ताई हसल्या, "त्यात एन्झाइमच नाही गं!"