कपाटाला ताप येतो तेव्हा…

मुलांनो, कपाटाला ताप आलेला कधी पाहिलाय का? आम्ही पाहिला!

त्याचं असं झालं. माझ्या भाच्याने घरच्या जुन्या लाकडी कपाटाचं आर्केड बनवायला घेतलं. आर्केड म्हणजे पूर्वी पार्लरमध्ये नाणं टाकून उभ्याने खेळायचे ना, तसं व्हिडिओ गेमचं यंत्र. वर मॉनिटर, मध्ये दांडा आणि बटणं, पोटात जुना लॅपटॉप. २६ जानेवारीला सोसायटीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना खेळायला द्यायचं त्याने कबूलही करून टाकलं. पण चाचणीला वीस मिनिटांत खेळ अडखळला आणि पडदा काळा! दार उघडलं, तर गरम झळ तोंडावर आली. लॅपटॉप काही पुन्हा सुरू झाला नाही. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. साठवलेल्या पैशांत एकच कॉम्प्युटर येणार होता. निवड चुकली, की संपलंच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही मामा-भाचे कल्याणहून लोकलने निघालो. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी धरली आणि ग्रँट रोडला उतरलो. पूर्वेकडे थोडं चाललं, की आलाच लॅमिंग्टन रोड! पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही जात नाहीत.

काय नाही तिथे? वायरींची भेंडोळी, स्पीकर, कॅमेरे, बोटाएवढे पंखे आणि परातीएवढेसुद्धा. भाचा तर प्रत्येक दुकानापुढे थबकत होता.

एका चिंचोळ्या दुकानात तो म्हणाला, "काका, सगळ्यात पॉवरफुल कॉम्प्युटर दाखवा."

"खेळणार काय त्यावर?" काकांनी विचारलं.

"स्पेस इन्व्हेडर्स, पॅकमॅन."

काका हसले. "अरे, स्पेस इन्व्हेडर्स १९७८ चा, जपानच्या तोमोहिरो निशिकादोंनी बनवलेला. त्याचा प्रोसेसर सेकंदाला वीसेक लाख ठोके द्यायचा. इतका हळू, की शत्रू कमी झाले तरच त्यांना भराभर हलवता यायचं. म्हणून शेवटी शेवटी खेळ पळतो!"

मग त्यांनी दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक ऑफिसातला जुना डेस्कटॉप. दुसरा पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय ४. "याचे ठोके सेकंदाला दीडशे कोटी. जुन्या यंत्राची नक्कल करायला जास्त काम पडतं, पण तुझ्या खेळांना हा पुरे. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायवर ३०० वॅट लिहिलंय, याचा अडॅप्टर १५ वॅटचा. जेवढी वीज आत जाते, तेवढी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. बंद कपाटात ती जाणार कुठे?"

"मग हा तापणारच नाही?" भाचा खूश झाला.

"तापेल की! ८० अंशांजवळ गेला, की स्वतःला वाचवायला आपणच मंद होतो. मशीन लहान घे, पण हवेची वाट मोठी ठेव."

आम्ही तो छोटाच घेतला. उरलेल्या पैशांत त्याच्यावर बसवायचा ॲल्युमिनियमचा पंखेरी ठोकळा आणि १२ सेंटिमीटरचा एक पंखा आला. मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा ओढतो आणि आवाज कमी करतो, हेही काकांनीच सांगितलं.

घरी आल्यावर कपाटाच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली भोकं पाडली. पंखा मागे वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल असा लावला. गरम हवा हलकी, ती वर जाते. तिची जागा खालून आत आलेली गार हवा घेते. घरच्या विजेची जोडणी मात्र ओळखीच्या वायरमनकडूनच करून घेतली. ते काम मुलांचं नव्हे बरं!

मग भाच्याने खालच्या भोकांजवळ अगरबत्ती धरली. धूर सरळ आत ओढला गेला आणि क्षणभराने मागच्या पंख्यातून बाहेर आला. एक तास खेळ चालवला, तरी पडद्यावर तापमान ६० च्या खालीच!

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्याबरोबर कपाटापुढे रांग लागली. एका चिमुरडीने मागे हात लावून पाहिला आणि ओरडली, "दादा, तुझं कपाट श्वास घेतंय!"