हात लावू नका. पण का?

परवा जिंतूर तालुक्यातून एका वाचकाचा फोन आला. "साहेब, तुमची बातमी वाचून बाया कापूस वेचायला येईनात. शेतात किरणोत्सर्गी डबा पडणार म्हणतात."

चूक माझी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादला बलून केंद्र आहे. तिथून सोडलेले मोठे फुगे 30 ते 42 किलोमीटर उंच जातात आणि त्यांची यंत्रं पॅराशूटनं खाली येतात. वाऱ्याबरोबर ती आपल्या मराठवाड्यातही उतरू शकतात. म्हणून प्रेसनोट निघते: सापडलं तर छेडछाड करू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल. यातली काही यंत्रं अवकाशातून येणारे किरण मोजतात. मी घाईत मथळा दिला, 'किरणोत्सर्गी यंत्रं'. तराजूलाच मी माल म्हणालो.

त्यानं पुढं विचारलं, "बरं, हात लावला तर काय होतं?" पंधरा वर्षं ही नोट छापतोय, पण मला उत्तर येईना. मग इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका मित्राला गाठलं.

तो म्हणाला, एखादा क्ष-किरण डिटेक्टरवर आदळला की साधारण दहा-पंधरा हजार इलेक्ट्रॉन सुटतात. ऐकायला लई वाटतात, पण एक पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरवर गोळा केले तर जेमतेम 2 मिलीव्होल्ट भरतात. हा एवढासा विद्युतभार पहिल्यांदा झेलतो तो प्रीअँप्लिफायर. त्याला डिटेक्टरच्या अगदी जवळ बसवतात. मधली वायर लांबली की कपॅसिटन्स वाढते, त्याबरोबर सर्किटचा गोंगाट वाढतो आणि किरणाची चाहूल त्यात बुडून जाते. त्याचा पहिला ट्रान्झिस्टर तर फार नाजूक. आपल्या बोटावरची स्थिर वीज हजारो व्होल्टची असू शकते. एका स्पर्शात तो जळू शकतो आणि कुणाची तरी कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. शिवाय काही डब्यांत हाय व्होल्टेज असतं, म्हणजे झटका आपल्यालाही बसू शकतो.

हे सगळं मी त्या शेतकऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग आधीच हे छापायचं ना! बायांची मजुरी बुडाली, माझा कापूस झाडावर राहिला."

खरंय. प्रशासनानं सूचनेत दोन ओळी कारणाच्या द्याव्यात आणि आम्ही पत्रकारांनी जागा नाही म्हणून त्या कापू नयेत. नुसतं 'हात लावू नका' म्हटलं की पोरं झाकण उघडून बघणारच. कारण कळलं तर तीच पोरं डब्याची राखण करतील.

चुकीबद्दल माफी. ही पोस्ट गावच्या ग्रुपवर जरूर टाका.