चिंधी, चिपाड आणि कागद



क्षुल्लक गोष्टीला आपण ‘चिंधी’ म्हणतो. आजाराने खंगलेल्या माणसाचे ‘चिपाड झाले’ म्हणतो. वस्त्र फाटले, रस निघून गेला, की वस्तूचे मोल संपले, असा निवाडा आपल्या भाषेने करून ठेवला आहे. भाषेचा अभ्यासक या नात्याने असे निवाडे मी तपासून पाहतो. हा निवाडा कागदापाशी टिकत नाही.

‘कागद’ हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. दौलताबादजवळचे कागजीपुरा, जुन्नर आणि पुण्यातील कागदीपुरा ही या कारागिरीची जुनी ठाणी. तेथे कागदासाठी झाड तोडावे लागत नसे. जुने दोर, ताग, चिंध्या चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटायच्या. तो लगदा पाण्यात कालवून साच्यावर उचलायचा. ताव वाळला की खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळीमुळे बोरूची शाई पसरत नसे.

मोडी कागदपत्रे हाताळताना मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. दोनशे वर्षांपूर्वीचा ताव आजही घडी उलगडून वाचता येतो. माझ्या विद्यार्थिदशेतील वर्तमानपत्रांची कात्रणे मात्र बोटांतच मोडतात. लाकडात सुमारे पाव हिस्सा लिग्निन असते. वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात ते बरेचसे तसेच राहते आणि प्रकाशाने, हवेने पिवळे पडते. कापसाचा तंतू मात्र जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. म्हणूनच पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती कापडाच्या तुकड्यांना कच्चा माल मानले.

चिपाडाचेही तसेच. साखर कारखान्यात रस काढून उरलेल्या चिपाडातला मऊ गर वेगळा केला, की राहिलेल्या तंतूंपासून लिहिण्या-छापण्याचा कागद होतो. हे तंतू आखूड असल्याने त्यांत काही लांब तंतू मिसळावे लागतात, इतकेच.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी आणि संसार सांभाळून ‘उरलेल्या वेळात’ शिकत आहात. ‘उरलेला’ हाही आपण कमी लेखलेलाच शब्द. या वेळाचेही तुकडेच हाती येतात; ते भिजवावे, कुटावे, घोटावे लागतात. पण त्यांचा ताव होतो, आणि त्यावर लिहिलेले टिकते.