मामू, ये पास कब होता?

माहुलला आपाकडे गेलो की भाचा भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसे. बी.कॉम.चे दोन विषय राहिले होते. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवल्यानंतर, 2017 पासून जी कुटुंबे इथल्या सात मजली इमारतींत आली, त्यांत आपाचेही घर होते. खिडकीतून रिफायनरीच्या चिमण्या दिसत. आपाची धाकटी मुलगी तापाने गेली, त्याला वर्ष होत आले होते. घरात तिचे नाव कुणी घेत नसे. दुल्हाभाई कामावरून आले की मुलाला एकच विचारत, “पढता क्या रे, के सोताच रहता?”

आपा म्हणाली, “भाई, तू मास्तर. तूच समजाव.”

समजावण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पिशवीत ‘कोसला’ होती, ती त्याला दिली.

भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत लिहिलेली ही कादंबरी 1963 साली आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, वडिलांचे पैसे उडवतो आणि पदवीशिवाय गावी परततो. स्वतःची फजिती तो अशी सांगतो, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ असे शब्द पेरत तो मोठमोठ्या गोष्टींतली हवा काढून घेतो.

भाचा हसू लागला, तेव्हा त्याला एका आयरिश कादंबरीची गोष्ट सांगितली. ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स’, साल 1939. लेखक फ्लॅन ओब्रायन. हे टोपणनाव, माणूस डब्लिनचा सरकारी नोकर, ब्रायन ओ’नोलन. यातला विद्यार्थीही चुलत्याच्या घरी पडून असतो आणि चुलता दुल्हाभाईंसारखाच मागे लागतो. पडल्या पडल्या पोरगा कादंबरी लिहितो. तिच्यातला लेखक आपल्या पात्रांना मुठीत ठेवू पाहतो. पात्रे त्याला गुंगीचे औषध देऊन झोपवतात, मनासारखी जगतात आणि शेवटी त्याच्यावरच खटला भरतात! ओ’नोलनच्या घरची भाषा आयरिश, कादंबरी मात्र इंग्रजीत. घरी दखनी आणि वहीत मराठी असणाऱ्या आपल्या मुलांना ही कसरत वेगळी सांगायला नको.

“मामू, ये पास कब होता?”

“डब्लिनवाला होतो. चुलता त्याला घड्याळ देतो. सांगवीवाला होत नाही.”

पुढच्या खेपेला गेलो तर तो मनीच्या मृत्यूपाशी अडला होता. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीच्या आजारात जाते, आणि इतका वेळ थट्टा करणारी भाषा तिथे मोडून पडते. तेव्हा कळते, हा माणूस हसत होता तो रडता येत नव्हते म्हणून.

“अम्मी, सुन,” म्हणत भाच्याने ती पाने मोठ्याने वाचायला घेतली. मध्येच आवाज अडला. आपाने पदर डोळ्यांना लावला आणि वर्षभरात पहिल्यांदा धाकटीचे नाव घेतले.

दुल्हाभाई दारात चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी टीव्ही बंद केला.

“आगे पढ,” ते म्हणाले.