केमोच्या आधीचा प्रश्न

दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेलचे एक सलाइन, शरीराच्या दर चौरस मीटरला 75 मिलिग्रॅम या हिशेबाने, आणि सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला आणि हार्मोनच्या उपचारांना दाद देईनासा झाला की ही केमो समोर येते. तेव्हा घरचे एकच विचारतात : बाबांना ती लागू पडेल का? डॉक्टरांकडचे उत्तर सरासरीचे असते. 2004 साली टॅक्स 327 या चाचणीचे निकाल आले, 1006 रुग्णांचे. तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांपैकी निम्मे 18.9 महिन्यांहून अधिक जगले. जुन्या मायटोझँट्रोनवर हा आकडा 16.5 होता. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारावर नजर ठेवणारा रक्तातला आकडा, निम्म्यावर किंवा त्याखाली आला तो 45 टक्के जणांचा. म्हणजे अर्ध्याहून अधिक जणांचा तेवढा उतरलाच नाही. बाबा त्या 45 मधले की उरलेल्यांमधले, हे पहिल्या सलाइनच्या आधी सांगणारी, रोजच्या वापरातली तपासणी आजही नाही.

*

हे आधी कळायला का हवे? सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाच्या पांढऱ्या पेशी घसरतात, ताप येतो, रात्री इस्पितळ गाठावे लागते. बोटांना मुंग्या येऊन बधिरपणा राहतो आणि सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत. औषध लागू पडणार असेल तर हे सोसण्यात अर्थ आहे. पडणार नसेल तर त्याच्या उरलेल्या थोड्या महिन्यांतले दोन-तीन आपण घेतलेले असतात.

*

‘बायोमार्कर’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी राहतात, आणि त्यांची सरमिसळ फार होते. रक्तातले एलडीएच वाढलेले, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले, हिमोग्लोबिन उतरलेले, अल्ब्युमिन कमी : असा रुग्ण कमी जगण्याची शक्यता जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशींचेही तसेच. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा त्याहून जास्त पेशी सापडल्या तर आजार जोरात आहे. पण एलडीएच जास्त असलेल्यांना डोसेटॅक्सेल द्या की मायटोझँट्रोन, दोन्हीकडे आयुष्य सारखेच घटत असेल आणि दोन औषधांमधले अंतर तेवढेच राहत असेल, तर ती तपासणी आजाराबद्दल बोलते. औषधाबद्दल ती काहीच सांगत नाही. एका औषधाने फायदा आणि दुसऱ्याने नाही, असा फरक दाखवेल तीच केमोची खरी खूण. पहिल्या प्रकारच्या खुणांवर लेखांचा ढीग आहे. दुसऱ्या प्रकारच्या फार थोड्या. एलडीएच वाढलेले पाहून ‘केमोचा उपयोग नाही’ असे कुणी सांगितले, तर थांबून हा फरक विचारावा.

*

या केमोच्या टॅक्सेन घराण्यातले पहिले औषध पॅक्लिटॅक्सेल. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून ते वेगळे करून 1971 मध्ये त्याची रचना मांडली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. डोसेटॅक्सेल हे त्याच घराण्यातले पुढचे, युरोपातल्या यूच्या पानांपासून फ्रान्समध्ये बनवलेले. आपल्याकडच्या वॉर्डांतही ही औषधे रोज टांगली जातात. नंदुरबारचे हे नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवे.

1979 मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवले की पॅक्लिटॅक्सेल पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना गोठवते. त्या नलिका सुटल्या नाहीत तर पेशीचे विभाजन अडते. पुढच्या टिपणासाठी हे लक्षात ठेवायचे.

*

एआर-व्ही7. प्रोस्टेटची पेशी पुरुषी हार्मोन पकडते ते अँड्रोजेन रिसेप्टरने. एन्झालुटामाइड ही गोळी त्या रिसेप्टरच्या हार्मोन पकडणाऱ्या भागावर बसते. अबिराटेरोन ही दुसरी गोळी हार्मोन तयारच होऊ देत नाही. काही पेशी या रिसेप्टरची तोकडी आवृत्ती बनवतात, तीच एआर-व्ही7. तिला तो पकडणारा भागच नसतो, आणि ती हार्मोनवाचून सतत चालू राहते. 2014 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये इमॅन्युएल अँटोनाराकिस आणि सहकाऱ्यांनी एन्झालुटामाइडवरचे 31 आणि अबिराटेरोनवरचे 31 रुग्ण तपासले. पहिल्या गटात 12 आणि दुसऱ्यात 6 जणांच्या रक्तातल्या कॅन्सरपेशींत एआर-व्ही7 सापडले. त्या अठरांपैकी एकाचाही पीएसए निम्म्यावर आला नाही.

मग केमोचे काय? प्रयोगशाळेचा तर्क निराशेचा होता. रिसेप्टर केंद्रकापर्यंत जातो तो सूक्ष्मनलिकांच्या आधाराने; टॅक्सेन त्या गोठवते म्हणून रिसेप्टरचीही वाट अडते. पण एआर-व्ही7ला नलिका धरायला लागणारा तुकडाही नाही, तेव्हा ते टॅक्सेनच्याही हातून निसटायला हवे. 2015 मध्ये त्याच गटाने टॅक्सेन घेणारे 37 रुग्ण तपासले. एआर-व्ही7 असलेल्या 17 जणांपैकी 41 टक्क्यांचा पीएसए निम्म्यावर आला, नसलेल्यांपैकी 65 टक्क्यांचा. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. महत्त्वाचे हे की 41 म्हणजे शून्य नव्हे. कागदावर बिनतोड वाटणारा तर्क रुग्णाच्या शरीरात तसाच उतरेल, असे धरून चालता येत नाही. आणि तरीही एआर-व्ही7 ही केमो लागू पडण्याची खूण म्हणता येत नाही. ती सांगते की या गोळ्यांवर वेळ घालवू नका. वाट केमोकडे वळते, ती दुसरी वाट बंद दिसते म्हणून.

*

महागड्या तपासणीविना मिळणारीही एक खूण आहे : वेळ, म्हणजे आधीची गोळी किती काळ चालली. 2019 च्या कार्ड चाचणीत 255 रुग्ण होते. डोसेटॅक्सेल सर्वांचे होऊन गेलेले, आणि अबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइडवर वर्षाच्या आतच आजार वाढलेला. अशांना दुसरी गोळी दिली तेव्हा स्कॅनवर आजार आवरला गेला 3.7 महिने, कॅबाझिटॅक्सेल ही केमो दिली तेव्हा 8.0 महिने. केमोच्या धास्तीने एका गोळीवरून दुसरीवर जाणारी घरे मला आठवतात. भीती खरी असते, तिला नावे ठेवू नयेत. पण हे दोन आकडे त्यांच्यासमोर कुणीतरी शांतपणे ठेवायला हवेत, रुग्णाच्या अंगात ताकद आहे तोवर.

*

पहिल्या सलाइननंतर पीएसए वाढला तरी घाबरू नये. काहींचा तो आधी चढतो आणि मग उतरतो. म्हणून तज्ज्ञांच्या शिफारशींत पहिल्या बारा आठवड्यांतल्या नुसत्या चढाला फार महत्त्व देत नाहीत. ज्यांना हे आधी सांगितलेले नसते, ते दुसऱ्या सायकललाच उपचार सोडतात.

*

सध्या माझे लक्ष पीटेन या जनुकावर आहे. स्टॅम्पीड ही ब्रिटनमधली मोठी चाचणी. तिच्यातल्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठींतली जनुकांची हालचाल तपासली, तेव्हा ज्यांच्यात पीटेन निकामी झाल्याची छाप होती त्यांना सुरुवातीलाच दिलेल्या डोसेटॅक्सेलचा फायदा झालेला दिसला. इतरांमध्ये तो दिसला नाही. औषधाबद्दल बोलणारी खूण असते ती अशी. ती पक्की व्हायला पुढच्या चाचण्या लागतील.

हे शक्य झाले ते मेणात बसवलेले जुने तुकडे कुणी फेकले नाहीत म्हणून. आपल्याकडे बायोप्सी एका गावात, उपचार दुसऱ्या शहरात, आणि मधल्या मध्ये हा मेणाचा ब्लॉक हरवतो. रिपोर्टच्या कागदासोबत ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्याव्यात. हाडाचा तुकडा असेल तर तो मऊ करायला तीव्र आम्ल वापरतात, त्यात डीएनए खराब होतो; ईडीटीए वापरले तर वेळ जास्त लागतो, पण डीएनए टिकतो. बायोप्सीच्या आधीच पॅथॉलॉजिस्टना हे विचारून ठेवावे.