जात्याची घरघर आणि पंख्याची

संगणक घ्यायचा म्हटले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो असा : गेमिंगसाठी की ऑफिसच्या कामासाठी? छत्रपती संभाजीनगरात निराला बाजारापासून पैठण गेटपर्यंत जेथे जेथे आम्ही गेलो, तेथे आम्हांला या दोन दारांपैकी एकातूनच आत यावे लागले. घरी ध्वनिमुद्रण करावयाचे आहे, असे सांगितल्यावर बहुतेकांनी सर्वांत वेगवान, रंगीत दिव्यांचा आणि पाच-सहा पंख्यांचा डबा पुढे केला. आमची निकड नेमकी उलटी होती. आम्हांला गप्प बसणारा संगणक हवा होता.

मुद्रण करावयाचे ते आमच्या मावशीच्या ओव्यांचे. तिने ऐंशी ओलांडली आहे. आपल्याला किती ओव्या येतात, हे तिलाही सांगता येत नाही. कारण त्या आठवून म्हणता येत नाहीत, जात्याचा खुंटा हाती आला की येतात. मागच्या वर्षी सलग आलेल्या काही ओव्या यंदा अर्ध्यावर थांबतात. तेव्हा ही खरेदी दिवाळीच्या सवलतीपर्यंत लांबवण्यासारखी नव्हती.

ओव्या लिहून घ्याव्यात, मुद्रण कशाला, असे साहित्याच्या एखाद्या अभ्यासकाला वाटेल. आमचेही बरेचसे शिक्षण छापील संग्रहांवरच झाले आहे. परंतु छापील ओवी ही बहुधा स्वच्छ केलेली ओवी असते. गाताना अर्धी ओळ पुन्हा येते, मध्येच ‘गं बाई’ येते, जाते जड झाले की शब्द लांबतो. हे सारे कागदावर पाल्हाळ वाटते म्हणून गळते, आणि गळते ते नेमके श्रमाचे माप. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रभर ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. तरीही १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील कित्येकींचे डिजिटल टेपवर मुद्रण करण्यात आले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी गायलेल्या आंबेडकरांवरील ओव्या त्यामुळेच आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या वाचणे आणि ऐकणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागले नाही. एकदा ऐकवल्यावर पुरले.

आता यंत्राविषयी. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपत असे आणि तासभराच्या ख्यालाला तेवढ्यात आवरावे लागे. आज ती मर्यादा उरलेली नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या मापाने एका मायक्रोफोनचे तासभराचे मुद्रण सुमारे अर्धा जीबी जागा घेते. एका आवाजासाठी साधा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम पुरते. ग्राफिक्स कार्ड नकोच. त्याला स्वतःचे पंखे असतात. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी, कारण तिच्यात फिरणारे काहीच नसते. कॅबिनेटचा पंखा मोठा, १२० किंवा १४० मिलिमीटरचा असावा; मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो, लहानगा तेवढ्यासाठी किंचाळतो. लॅपटॉप याच कारणाने बाद झाला. संगणकावरची वाद्ये वाजवून संगीतरचना करणाऱ्यांचा हिशेब अर्थात वेगळा. त्यांना वेग लागतो.

विजेचा प्रश्न मात्र आम्हांला अधिक साहित्यिक वाटला. अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणात शिरते आणि तिच्या पटीतले १००, १५०, २०० हर्ट्झचे स्वरही सोबत येतात. २०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधली जागा, अनेक गायिकांच्या षड्जाचा शेजार. म्हणजे महावितरण फुकटात तंबोरा धरते, फक्त तो लागत नाही! संगणकाआधी वायरमन बोलवावा, एवढेच सांगतो.

‘आवाज आला तर आला, नंतर सॉफ्टवेअरने काढून टाकू’, असे एका दुकानदाराने सुचवले. गोष्ट येथेच अडते. गोंगाट काढणारे सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज शोधते आणि पुसते. त्याच्या लेखी पंख्याची घरघर आणि जात्याची घरघर यांत फरक करण्याचे कारण नाही. जाते पुसले की ओवीखालची जमीन जाते, आणि शब्दांच्या अखेरीस विरत जाणारा श्वासही थोडा खरवडला जातो. कोणता आवाज गाण्याचा आणि कोणता उपरा, हा निवाडा यंत्रावर सोपवायचा नसेल तर उपरा आवाज खोलीत येऊच देता कामा नये.

म्हणून संगणक शेजारच्या खोलीत ठेवला. यूएसबीची केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नसते. तीन पिनांची एक्सएलआर केबल मात्र त्याहून पुष्कळ लांब नेता येते. ऑडिओ इंटरफेस संगणकाजवळ राहिला आणि मायक्रोफोनची तेवढी तार दाराखालून आत आली. ओवी एकटीने म्हणायची नसते, म्हणून आमच्या सौभाग्यवती जात्याला समोरून हात लावतात. मे महिन्यात कूलर बंद करून दुपारी बसणे अशक्य, म्हणून मुद्रण पहाटे होते. ‘दळायची येळ हीच असती,’ मावशी म्हणाली. आमच्या कूलरच्या अडचणीशी तिला कर्तव्य नव्हते.

तिने एकच अट घातली : रिकामे जाते फिरवायचे नाही. रिकाम्या जात्याचा दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज आणि दाणे घातल्यावरचा भरीव आवाज यांतला फरक मुद्रणातही कळतो, तेव्हा ती अट आम्हांला सोयीचीच होती. आतापर्यंत सुमारे अकरा तासांचे मुद्रण झाले आहे. फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत, आणि ज्वारीचे पीठ शेजाऱ्यांना वाटूनही उरते आहे.