फंडा तीन सेकंदांचा

नागपुरात ‘कोचिंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. दहावी झाली की क्लास, पाठीवर जडशीळ सॅक आणि स्कूटीवर मागे बसून डुलक्या काढणारी पोरं. त्यामुळे आई फोनवर म्हणाली, ‘‘अगं, मी दर शनिवारी कोचिंगला जाऊन राहिली,’’ तेव्हा मी हसतच सुटले.

‘‘या वयात नीट देते का तू?’’

‘‘नाही गं. ऐकायला शिकून राहिली.’’

आई एका खासगी शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेचं नाव सांगत नाही, तिच्या रिटायरमेंटला अजून तीन वर्षं आहेत! तिचा दरारा असा की मधल्या सुट्टीत तिच्या चपलांचा आवाज आला तरी व्हरांडा रिकामा व्हायचा. घरातही तेच. ऑर्डर सुटली की विषय संपला. मग हे ऐकण्याचं खूळ आलं कुठून?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडे उन्हाळा जाता जात नाही, म्हणून विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तशी शाळा उघडली आणि पहिल्याच महिन्यात एक तरुण टीचर वारंवार उशिरा यायला लागली. आईने मेमो दिला. मग दुसरा. तिसऱ्या मेमोनंतर त्या टीचरने टेबलावर राजीनामा ठेवला. ती गेल्यावर शाळेतल्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘मॅडम, तिच्या बाबाचं डायलिसिस सुरू हाय ना. सकाळी तीच नेते.’’

आईने विचारलं नव्हतं असं नाही. तिने विचारलं होतं, ‘‘उशीर का झाला?’’ पण मुख्याध्यापिकेने या सुरात विचारलं तर उत्तर एकच मिळतं. ‘‘सॉरी मॅडम.’’

आपल्या बॉसलाही आपण हेच उत्तर देतो, नाही का?

तर हे कोचिंग म्हणजे नेमकं काय? मूळ मैदानातलं. टिमथी गॅल्वे या अमेरिकन टेनिस कोचने 1974 साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, खेळाडूवर सूचनांचा मारा केला की तो अडखळतो. त्याला स्वतःचा खेळ नीट बघायला लावला की तो आपोआप सुधारतो. जॉन व्हिटमोर यांनी 1992 मधल्या पुस्तकातून ही पद्धत ऑफिसांत पोहोचवली. त्यात चार प्रश्न असतात. तुला काय हवंय? आत्ता परिस्थिती काय आहे? पर्याय कोणते? आणि यातलं तू नक्की काय करणार, कधी? उत्तर समोरच्याचं. आपलं काम विचारायचं आणि, हे सगळ्यात कठीण, गप्प बसायचं.

गप्प बसण्याचंही शास्त्र आहे बरं का! मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतली संभाषणं रेकॉर्ड करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी मागे बसणारी मुलंही बोलायला लागली.

अर्थात, हे सगळं काही फॉरेनचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर पालकांना दटावण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! अडचण आधी नीट ऐकली, म्हणून उपाय सापडला.

गेल्या महिन्यात मी आईच्या केबिनमध्ये कोपऱ्यात बसून होते. गणिताचे नवे सर आले. माझ्याच वयाचे असतील. ‘‘मॅडम, नववी ब अजिबात ऐकत नाही.’’ पूर्वीची आई असती तर तिथल्या तिथे पाच सूचना सुटल्या असत्या. ती म्हणाली, ‘‘बरं. अजून सांगा.’’ आणि गप्प. मी मनात मोजले. एक, दोन, तीन... चार.

‘‘खरं सांगू मॅडम? मला त्यांची भीती वाटते.’’

‘‘कधी वाटत नाही?’’

‘‘ग्राउंडवर. त्यांच्यासोबत क्रिकेट खेळतो तेव्हा.’’

पुन्हा शांतता. मग सरच म्हणाले, की सरासरीचा धडा रनरेटपासून सुरू करून बघतो. आईने फक्त विचारलं, ‘‘मला कधी सांगाल काय झालं ते?’’ आणि डायरीत वार लिहून घेतला.

बाहेर पडताना मी विचारलं, ‘‘प्रत्येक वेळी हे चालतं?’’

‘‘छे! पोरगं जिन्यावरून पडलं तर ‘तुला काय वाटतं’ विचारायचं नसतं, आधी उचलायचं असतं. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असला की अजूनही ऑर्डरच.’’

आता माझी गोष्ट. मी पेपरमधली नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा आईने मला चाळीस मिनिटं लेक्चर दिलं होतं. त्यानंतर आमचं बोलणं ‘जेवली का’वर आलं. त्या दिवशी घरी जाताना तिने विचारलं, ‘‘काम कसं सुरू आहे?’’ ‘‘मस्त!’’ मी सवयीने म्हणाले. ती काहीच बोलली नाही. शंकर नगरचा सिग्नल लागला होता. तो सुटायच्या आत मी सांगून टाकलं, की तीन महिन्यांचे पैसे अडकलेत आणि रात्री झोप येत नाही.

‘‘मग आता काय करावंसं वाटतं तुला?’’

मला चटकन उत्तर सुचलं नाही. पण दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही खरंच बोललो. घर आल्यावरही स्कूटी बंद करून गेटपाशीच उभ्या होतो.

मग मी विचारलं, ‘‘त्या टीचरला कधी फोन केला का तू?’’ यावेळी गप्प बसायची पाळी माझी होती. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, ‘‘नंबर आहे माझ्याजवळ.’’

रविवारी तिने फोन केला. ती टीचर आता दुसऱ्या शाळेत आहे, परत येणार नाही. वडील मागच्या वर्षी गेले. आईने माफी मागितली आणि पुढचा अर्धा तास फोन कानाला लावून नुसती बसून राहिली. मी चहा ठेवला तो निवून गेला.

तुमच्या टीममध्येही कोणीतरी सारखं उशिरा येत असेल. सोमवारी त्याला मेल टाकण्याआधी एकदा चहाला घेऊन जा. प्रश्न विचारा आणि तीन सेकंद थांबा. कठीण जातं हो, मी करून बघितलंय!